मागच्या दारची सळई

लोक त्याला खरखऱ्या म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर सगळे मास्तर म्हणायचे. मास्तरची पाठ वळली की खरखऱ्या. व्हॉल्व्हचे जुने रेडिओ दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती, आणि लोकांच्या रेडिओतली खरखर काढून काढून ती सगळी याच्या घशात साठली, असं शेजारचा टेलर सांगत सुटायचा. राग तर कायम नाकाच्या शेंड्यावर. कुणी रेडिओ टेबलावर जरा जोरात ठेवला की, "कांद्याचं पोतं आहे का ते?" म्हणून हा खेकसणार, आणि गिऱ्हाईक मुकाट्याने बाहेरच्या बाकावर जाऊन बसणार. बसणार, कारण त्याच्या हाताला गुण होता आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे दार, दाराला लागून लांबलचक टेबल, टेबलावर डाग देताना सांडलेल्या कथलाचे वाळके थेंब. फळीवर पोटं उघडी पडलेले रेडिओ, डब्यांतून नाना तऱ्हेची बटणं, आणि कागदात गुंडाळून ठेवलेले काचेचे व्हॉल्व्ह. त्यामागे मधली खोली, मग स्वयंपाकघर, त्यामागे मागचं दार, आणि दाराबाहेर कुंपणाच्या भिंतीपर्यंत चार पावलांची मोकळी माती. तिथे दुपारभर ऊन तापायचं.

आता जुन्या रेडिओचं एक असतं. त्याला दोन वायरी लागतात. एक वर जाते, हवेत, ती एरियल. दुसरी खाली जाते, जमिनीत ठोकलेल्या सळईला, ते अर्थिंग. सळईभोवतीची माती ओली असली तर लांबचं स्टेशन समोर बसून बोलल्यासारखं येतं. माती सुकली की तोच माणूस तोंडावर घोंगडं घेऊन बोलतोय असं वाटायला लागतं. म्हणून मास्तर रेडिओला हात लावायच्या आधी गिऱ्हाइकाची उलटतपासणी घ्यायचा. एरियल कुठे बांधलीय, तिच्यावर कपडे वाळत घालता का, अर्थिंगला पाणी घालता का. उन्हाळ्यात अर्धी गिऱ्हाइकं तो तशीच परत पाठवायचा. "बादलीभर पाणी घाला सळईवर, आणि मग या." ती परत यायची नाहीत. रेडिओ लागलेला असायचा. आधी बाहेर बघायचं, मग आत, हा त्याचा नियम होता, आणि नियम मोडणाऱ्या दुसऱ्या मेकॅनिकांना तो खाटीक म्हणायचा.

दुसराही एक नियम होता. व्हॉल्व्हच्या रेडिओत अॅल्युमिनियमचे छोटे डबे असतात, त्यांच्या आत कॉइल, आणि कॉइलच्या पोटात स्क्रूसारखी फिरणारी कोअर. स्टेशन जोरात येणं न येणं तिच्यावर. कारखान्यात ती एकदा जुळवली की वरून मेण ओततात. मेण दिसलं की हात मागे, असं मास्तर म्हणायचा. एकदा एका गिऱ्हाइकाने मोठ्या कौतुकाने सांगितलं की रेडिओ मंद झाला म्हणून आतले सगळे ढिले स्क्रू मीच आवळून आणलेत. मास्तरने त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. पुढे कित्येक महिने त्या माणसाची गोष्ट दुकानात चहाबरोबर फिरत होती.

घरातला रेडिओ मात्र दुकानात कधी आला नाही. तो मधल्या खोलीत, भिंतीशी, लाकडी पेटीचा, आणि समोर काचेत हिरवा डोळा. स्टेशन पुरतं लागलं की डोळ्याच्या दोन हिरव्या पाकळ्या जवळ येऊन मिटायच्या. सिग्नल कमी असला की मध्ये काळी फट राहायची. रोज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर मास्तर तिथे बसायचा, लांबच्या एका स्टेशनवरचा गाण्यांचा कार्यक्रम लावायचा, आणि त्याची बायको दाराजवळच्या स्टुलावर येऊन बसायची. तेवढा वेळ घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही. मास्तरला ते फार आवडायचं. बायकोलाही रेडिओचं वेड आहे असं तो लोकांना अभिमानाने सांगायचा. ज्याच्या त्याच्या बायकोला दागिन्यांचं वेड, आमच्या हिला स्टेशनांचं.

कधी कधी मात्र ऐन कार्यक्रमात आवाज खोल जायचा. डोळ्यात फट पडायची. मग मास्तरच्या कपाळावर आठी चढायची, आणि बायको उठायची. "लागेल आता, थांबा जरा," एवढं म्हणून ती आत निघून जायची. मास्तर बटणाशी झटापट करत बसायचा, तोंडाने कुणाकुणाचा उद्धार चालू. थोड्या वेळाने आवाज वर यायचा, डोळा मिटायचा, आणि हा हाक मारायचा, ये ये, आणलं बघ ओढून. ती ओले हात पदराला पुसत परत यायची आणि स्टुलावर बसायची. इतकी वर्षं संसार झाला, तिचे हात दर वेळी ओले का असतात हे त्याने विचारलं नाही.

ती गेली थंडी सरता सरता. छातीचं दुखणं होतं, अंगावर काढलं, मग दवाखाना, मग दवाखान्यातली ती लोखंडी खाट. शेवटच्या दिवसांत तिला बोलायला धाप लागायची. तरी एकदा तिने त्याला जवळ बोलावून सांगितलं, मागच्या दारी बादलीभर पाणी टाकत जा हो. तिथे कर्दळीचं एक बेट वाढलं होतं. मास्तरला वाटलं, ही त्या कर्दळीची काळजी करतेय. तो म्हणाला, इथे जिवाची पडलीय आणि तुला झाडांचं सुचतंय. म्हणाला म्हणजे खेकसलाच. शेजारच्या खाटेवरच्या बाईने मान वळवून पाहिलं. बायकोने डोळे मिटून घेतले आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

मग घर रिकामं झालं. दिवस दुकानात निघायचा, पण संध्याकाळ खायला उठायची. मास्तरला एकच आधार उरला होता. ते स्टेशन लागलं, तो डोळा मिटला, की स्टुलावर ती बसलीय असं त्याला वाटायचं. तो तिकडे मान वळवून बघायचा नाही, मुद्दाम. न बघता तिचं असणं पुरायचं. रेडिओ तिच्या आवडीचा, आणि तो चालू आहे तोवर तीही अगदीच गेलेली नाही, असा त्याने मनाशी हिशेब मांडला होता. माणूस एकटा पडला की असले हिशेब मांडतोच.

आणि ऊन वाढायला लागलं तसा नेमका तोच रेडिओ मंद व्हायला लागला.

आधी थोडाच. मग गाण्याचे शब्द जायला लागले, नुसती चाल राहिली. मग चालही खरखरीखाली दबली. गावातलं जवळचं स्टेशन ठणठणीत, लांबचं तेवढं मेलं. हिरव्या डोळ्यातली फट रोज थोडी रुंद. मास्तरने पहिल्यांदा एरियल पाहिली, ती गच्चीवरून ताठ होती. मग त्याने मागच्या दाराशी जाऊन अर्थिंगची वायर ओढून बघितली, सळईला घट्ट होती. कर्दळीचं बेट वाळून कोळ झालं होतं. ती गेली, तिच्यामागे झाडही गेलं, असं म्हणत त्याने ते मुळासकट उपटून कुंपणापलीकडे फेकलं. त्या मातीला भेगा पडल्या होत्या. भेगांवर उभा राहून तो वायर बघत होता.

बाहेर एवढंच बघून तो आत वळला. व्हॉल्व्ह बदलले, एक एक करून सगळे. कंडेन्सर बदलले. बिचाऱ्या चांगल्या चाललेल्या वस्तू त्याने ओढून काढल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. आवाज होता तिथेच. दुकानातली कामं पडून राहायला लागली. गिऱ्हाइकं बाकावर बसून बसून निघून जायची. टेलर रोज संध्याकाळी कात्री ठेवून डोकावायचा, त्याला तो डोळा दिसायचा आणि मास्तरचं तोंडही दिसायचं. शेवटी न राहवून तो बोलला.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण असं करू नकोस, मास्तर. गिऱ्हाइकाला विचारतोस ते स्वतःला विचार एकदा. अर्थिंग बघितलंस का नीट?"

"ती सळई मी स्वतः ठोकलीय," मास्तर म्हणाला. "आणि उन्हाळे काय आजच आलेत? इतक्या उन्हाळ्यांत तिला एक थेंब पाणी लागलं नाही. घराची माती चांगली आहे आमच्या. दोष आतच आहे."

इतक्या उन्हाळ्यांत काही झालं नाही, म्हणून अर्थिंगचा दोष नाही. किती सरळ हिशेब! मास्तर गाव पालथं घालून लोकांच्या सळया ओल्या करून आला, पण आपल्या घरची माती आपोआप ओली राहते यात त्याला काही नवल वाटलं नाही. स्वयंपाक आपोआप होतो, कपडे आपोआप वाळून घडी होतात, तशी मातीही ओली राहत असेल. टेलर मान हलवून आपल्या मशीनवर जाऊन बसला.

त्या दुपारी मास्तरने मेणाला हात घातला. दुकानाचं दार लोटून घेतलं होतं, जणू कुणी बघेल. उकाड्याने कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. त्याने एका डब्यावरचं मेण कोरून काढलं, बारीक स्क्रू-ड्रायव्हर आत घातला, आणि अगदी हलक्या हाताने कोअर फिरवायला गेला. हलेना. त्याने थांबायला हवं होतं. दुसऱ्या कुणाचा रेडिओ असता तर थांबलाही असता. पण डोळ्यांपुढे ते स्टूल होतं आणि डोक्यात राग होता, कुणावरचा ते त्यालाच ठाऊक नव्हतं. त्याने जोर लावला. कट्ट असा बारीक आवाज झाला, आणि कोअरचा वरचा तुकडा स्क्रू-ड्रायव्हरबरोबर गिरगिर फिरायला लागला. खालचा जागच्या जागी अडकून बसला होता.

तसली कॉइल आता कुठे मिळायची? ज्या कारखान्याने ती केली त्याचं नावही लोक विसरले होते. भंगारवाल्याकडे असले रेडिओ यायचे ते दिवसही सरले होते. मास्तरने तो तुकडा तळहातावर घेतला, मिऱ्याएवढा, आणि बराच वेळ बघत बसला. मग रेडिओ परत पेटीत बसवला, मागचा पुठ्ठा लावला, बायकोने विणलेला रुमाल वर घातला. कुणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळी तो बटण फिरवायचा, दिवा लागायचा, हिरवा डोळा उघडायचा आणि सताड उघडाच राहायचा. आतून नुसती घूं येत राहायची. मास्तर समोर बसायचा. स्टुलाकडे आता तो खरोखरच बघू शकत नव्हता.

मग लेक आली. दुसऱ्या गावी नोकरी करायची, सुट्टी काढून बापाला बघायला आली. एकुलती एक. लहानपणापासून अंगात एक सवय होती तिच्या: चालताना पावलांचा आवाज नाही, दार लावताना कडीचा नाही, चमचा ठेवला तर तो ठेवल्याचाही नाही. मास्तर लोकांना सांगायचा, बघा वळण कसं लावलंय. आल्या आल्या तिने स्वयंपाकघर आवरलं, आणि भांडी घेऊन मागच्या दारी गेली ती तिथेच थबकली. मास्तर मागून आला.

"बाबा, इथली कर्दळ कुठे गेली?"

"वाळली. काढून टाकली."

"आणि पाणी कोण घालतं?"

"मेलेल्या झाडाला कशाला पाणी?"

"झाडाला नाही," लेक म्हणाली. "सळईला."

मास्तरने भेगा पडलेल्या मातीकडे पाहिलं. लेकीला वाटलं त्याला आठवत नसेल, म्हणून ती सांगत गेली. अगदी साधेपणाने सांगत गेली, एखादी ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा सांगावी तशी. आई रोज सकाळी भांडी विसळलेलं पाणी इथे आणून ओतायची. उन्हाळ्यात संध्याकाळीही. कार्यक्रम चालू असताना आवाज खाली गेला की उठून यायची आणि बादली रिकामी करून परत जायची. ताप असला तर मला पाठवायची. कर्दळ कुणी लावली नव्हती, ती त्या पाण्यावर आपली आपण उगवली. पावसाळ्याचे दिवस तेवढे आईला सुट्टी.

 मास्तर म्हणाला, "तिला आवडायचा ना तो कार्यक्रम. म्हणून करत असेल."

लेकीने हातातलं भांडं खाली ठेवलं, आवाज न करता.

"आईला कधी आवडला होता रेडिओ? डोकं दुखायचं तिचं. रेडिओ नीट लागला की तुम्ही तेवढा वेळ शांत असायचात, म्हणून बसायची ती. मी लहान होते तेव्हा एकदा लागत नव्हता. तुम्ही जेवत होतात. ताट भिरकावलंत. म्हणालात, माती सुकलीय, घरात बसून एवढंही होत नाही का तुझ्याने. ते पोचा आलेलं ताट नाही का, आई जेवायची ते? तेच. त्यानंतर तिने ही माती कधी सुकू दिली नाही. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक नव्हतं. हीच तर खरी गोष्ट होती, त्याला ठाऊक नव्हतं. त्याने आठवून बघितलं, मनापासून बघितलं. ते पोच्याचं ताट त्याने हजारदा पाहिलं होतं, फडताळात सगळ्यात खाली असायचं. पण भिरकावल्याचं आठवेना. भिरकावणारा विसरतो, हो. ज्याला ते भिंतीजवळून उचलावं लागतं तो विसरत नाही. त्याला आठवली ती दवाखान्यातली खाट. तिने झाडासाठी सांगितलं नव्हतं. आपण गेल्यावर याचा रेडिओ लागायचा नाही आणि हा कुणावर तरी ओरडत बसेल, याची काळजी ती मरतानाही करत होती. मास्तर मागच्या पायरीवर बसला. ऊन तापलेलं होतं, पायरी पोळत होती, तो तसाच बसून राहिला. लेकीने त्याला आत या म्हणून दोनदा सांगितलं आणि मग सांगायचं थांबवलं.

संध्याकाळ झाली. सवयीने तो रेडिओसमोर जाऊन बसला, सवयीने हात बटणाकडे गेला. दिवा लागला, घूं सुरू झाली. लेकीने तिथेच त्याच्यासमोर ताट वाढून आणलं. तिने रेडिओकडे पाहिलं, त्या सताड उघड्या डोळ्याकडे पाहिलं, मग बापाच्या कपाळाकडे. तिथे आठी होती. ती रागाची नव्हती, पण ते तिला कुठून कळणार? तिने त्या आठीचा दुसरा अर्थ कधी पाहिलाच नव्हता.

"लागेल आता, थांबा जरा," ती म्हणाली, आणि आत गेली.

मास्तरचा घास हातातच राहिला. आवाजही तोच होता, शब्दही तेच. आत नळ सुटला. बादली भरल्याचा आवाज, मग मागच्या दारी पाणी ओतल्याचा. एक बादली, मग पुन्हा नळ, पुन्हा एक. इतकी वर्षं हे पाणी असंच पडत आलं होतं, आणि घर केवढंसं, पण बटण फिरवण्याच्या आणि शिव्या देण्याच्या नादात ते त्याच्या कानावर कधी आलं नव्हतं. आज घूंखेरीज काही नव्हतं, म्हणून ऐकू आलं. माती पाणी पीत असणार. रेडिओ शाबूत असता तर एव्हाना डोळा मिटायला लागला असता, आणि त्याने हाक मारली असती, ये, आणलं बघ ओढून.

लेक परत आली. हात ओले होते, ते ओढणीला पुसत ती दाराजवळच उभी राहिली. स्टुलावर बसली नाही. बापाकडे बघत नव्हती, रेडिओच्या डोळ्याकडे बघत होती, आता मिटेल, मग मिटेल. मास्तरला खूप काही बोलायचं होतं. तू बस, असं म्हणायचं होतं. पाणी घालू नकोस, आता कधीच घालू नकोस, असंही. पण माणसाला आयुष्यभर जे बोलायची सवय नसते ते एका संध्याकाळी कुठून जिभेवर येणार? त्याच्या तोंडून निघालं ते त्याच खरखरीत आवाजात निघालं.

"लागणार नाही तो. मोडलाय."

 लेक झटकन पुढे आली, त्याच्यासमोरचं अर्धं जेवलेलं ताट उचललं, आणि आवाज न करता आत घेऊन गेली.